घरगुती उबेसाठी चूल व शेगडीची निवड : जालना जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
जालना जिल्ह्यात कडाक्याच्या थंडीचा काळ अल्प असल्याने घर उबदार ठेवण्यासाठी सहसा स्वतंत्र साधन बसविले जात नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे ग्रामीण घरांत गॅस पोहोचला. तथापि पाणी तापविणे व शेकणे यांसाठी चूल किंवा शेगडी पेटविली जातेच. तिची निवड इंधन, बांधणी व वायुवीजन या तीन निकषांवर करावी लागते.

इंधन :
कापूस व तूर ही जिल्ह्यातील प्रमुख पिके असल्याने पऱ्हाट्या व तुराट्या हे सहज मिळणारे सरपण होय. ते चटकन पेटते व लवकर संपते. बाभळीच्या जड लाकडाचा विस्तव मात्र दीर्घकाळ टिकतो. एक किलो वाळलेल्या लाकडापासून सुमारे ४,०००, तर लोणारी कोळशापासून सुमारे ७,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातील पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते आणि धूरही वाढतो.

बांधणी :
तीन दगडांच्या चुलीत सरपणातील उष्णतेचा साधारणतः एक दशांश भागच भांड्यास मिळतो. भारतीय मानक १३१५२ च्या २०१३ मधील आवृत्तीनुसार सुवाह्य चुलीची औष्णिक कार्यक्षमता किमान २५ टक्के, तर पंखा असलेल्या चुलीची ३५ टक्के असणे अपेक्षित आहे. धुराड्याची चूल धूर घराबाहेर नेते. मात्र धुराड्यातील काजळी वेळोवेळी न काढल्यास तोच धूर घरात परततो.

वायुवीजन :
कोळशाच्या शेगडीविषयीचा गैरसमज सर्वांत घातक आहे. निखारे फुलले की धूर दिसेनासा होतो. म्हणून शेगडी निर्धोक मानली जाते. वस्तुतः निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतच असतो. या वायूला रंग वा गंध नसतो. ऑक्सिजनच्या तुलनेत तो हिमोग्लोबिनशी दोनशेपटींहून अधिक आसक्तीने संयोग पावतो. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही त्याची लक्षणे झोपलेल्या व्यक्तीच्या ध्यानी येत नाहीत आणि बंद खोलीत मृत्यू ओढवतो. दगडी कोळसा तर घरगुती इंधन म्हणून वापरूच नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ ची शिफारस आहे.

निष्कर्ष :
पऱ्हाट्या-तुराट्यांसाठी धुराड्याची चूल योग्य ठरते. लोणारी कोळशाची शेगडी अंगणात अथवा उघड्या ओसरीतच वापरावी. निजताना ती खोलीत ठेवू नये. रात्रीच्या उबेसाठी गोधडीच अधिक सुरक्षित होय. धूर नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत दूर करण्याचे कार्य महाविद्यालयांना राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरांतून प्रभावीपणे करता येईल.