विश्वाचा आरंभ आणि श्रद्धेचा आधार

विश्वाच्या अफाट विस्तारासंबंधी नवा शोध लागला, की तो धर्मश्रद्धेला पूरक की मारक, हा वाद हटकून उद्भवतो. या संदर्भात बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांची भूमिका उद्बोधक ठरते.

लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. आइन्स्टाइन यांच्या समीकरणांच्या आधारे विश्व प्रसरण पावत असल्याचा निष्कर्ष त्यांनी १९२७ मध्ये मांडला. दूरच्या दीर्घिका अधिक वेगाने दूर जात असल्याचे हबल यांनी १९२९ मध्ये दाखवून दिले. पुढे १९३१ मध्ये, हे अवघे विश्व आरंभी एकाच 'आद्य अणू'त सामावलेले असावे, अशी कल्पना लमेत्र यांनी मांडली.

धर्मगुरूनेच विश्वाचा आरंभ सांगितल्याने त्यात बायबलमधील सृष्टिनिर्मिती डोकावते, असा संशय काही शास्त्रज्ञांना आला. याउलट, १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या संशोधनात सृष्टिकर्त्याच्या अस्तित्वाची साक्ष पाहिली. लमेत्र यांना हा अर्थही मान्य नव्हता. हा सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या कक्षेबाहेरचा असून आस्तिक व नास्तिक दोघेही तो स्वीकारू शकतात, असे त्यांचे मत होते.

या भूमिकेत श्रद्धा आणि विज्ञान या दोहोंचेही हित आहे. वैज्ञानिक सिद्धांत नव्या निरीक्षणांनी बदलू शकतो. त्यालाच ईश्वराचा पुरावा मानले, तर सिद्धांत ढळताच श्रद्धाही डळमळेल. आणि श्रद्धा टिकवण्यासाठी सिद्धांत जपला, तर संशोधन खुंटेल. आरंभीच्या उष्ण विश्वाची खूण असलेले प्रारण सापडल्याचे १९६५ मध्ये जाहीर झाले. ही वार्ता लमेत्र यांना १९६६ मध्ये मृत्यूपूर्वी कळली. विश्वाच्या आरंभाची त्यांची कल्पना निरीक्षणांच्या बळावर टिकली; त्यांची श्रद्धा मात्र त्या पुराव्यावर विसंबून नव्हती.