मांडीवरची जागा

ध्रुवाची कथा आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो आहोत. राजा उत्तानपादाच्या मांडीवर आवडत्या राणीचा, सुरुचीचा, मुलगा उत्तम बसला आहे. नावडत्या सुनीतीचा पाच वर्षांचा ध्रुव तेथे चढू पाहतो आणि सुरुची त्याला कठोर शब्दांत हिणवते. पुढे तप, वरदान आणि अढळपद. बुवांचे आख्यान बहुधा येथेच संपते.

भागवताच्या चौथ्या स्कंधात मात्र कथा पुढेही चालते. हा उत्तम अविवाहित असतानाच, शिकारीस गेला असता यक्षाच्या हातून मारला जातो. ध्रुव आता राजा आहे. भावाच्या मृत्यूने तो इतका क्षुब्ध होतो की, यक्षांच्या नगरीवर चालून जाऊन त्यांचा संहार आरंभतो. अखेर आजोबांना, स्वायंभुव मनूंना, येऊन त्याला आवरावे लागते. ज्याच्या असण्यामुळे मांडी नाकारली गेली, त्याच भावासाठी हा क्रोध! मूळ प्रसंग पुन्हा पाहिला तर दोघा भावांचे भांडण तेथे नाहीच. उत्तम एक अक्षरही बोलत नाही. बोलते ती सुरुची, आणि गप्प राहतो तो बाप.

बायबलच्या पहिल्या पुस्तकातही हेच आढळते. इसहाकाचा ओढा एसावाकडे, रिबकेचा याकोबाकडे. आणि तोच याकोब स्वतः बाप झाल्यावर एकट्या योसेफाला खास झगा करून देतो. पक्षपातही वारसाहक्काने येतो म्हणायचा.

आपल्या दवाखान्यात ही कथा निराळ्या वेषात येते. चार वर्षांचा मुलगा, वर्षभर रात्री कोरडा राहिलेला, पुन्हा अंथरूण ओले करू लागतो. बोबडे बोलतो, बाटलीने दूध मागतो. लघवीची तपासणी निर्दोष असते. (तहानही वाढली असेल तर मात्र रक्तातील साखर आधी पाहावी.) धाकट्या बहिणीचे नुकतेच बारसे झाल्याचे आई जाता जाता सांगते. त्या बारशाला आलेल्या मावश्या-आत्यांनी "आता तुझे लाड संपले बरं का!" अशी थट्टा केलेली असतेच. आल्फ्रेड ॲडलर यांनी पहिल्या अपत्याच्या या अवस्थेला सिंहासनावरून पदच्युत होण्याची उपमा दिली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० साली संमत झालेल्या 'आयसीडी-१०' वर्गीकरणात भावंडांतील स्पर्धेच्या विकाराला स्वतंत्र स्थान होते. परंतु धाकट्याच्या जन्मानंतर बहुसंख्य मुले थोडीफार बिथरतातच, असेही तेथेच म्हटले होते. म्हणजे त्रासाची तीव्रता किंवा चिकाटी असामान्य असेल तरच तो विकार. एरवी औषध लागत नाही. रोज पंधरा-वीस मिनिटे आई किंवा वडील केवळ त्याचे असावेत, आणि "तू आता मोठा झालास" हे वाक्य काही महिने लांबणीवर टाकावे.

हा सल्ला मी अनेक वर्षे देत आलो. घरी मात्र रात्रीच्या जेवणाला थोरल्यापुढे धाकट्याच्या गुणांची वाखाणणी करीत राहिलो. दोघेही डॉक्टर झाले. दवाखाना पुढे कोणी सांभाळावा, ही गोष्ट निघाली तेव्हा थोरला शांतपणे म्हणाला, "त्यालाच द्या, बाबा. तुमच्या मनात पहिल्यापासून तोच आहे." तोवर माझी समजूत होती की, आमच्या घरात असले काही नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटा येऊन म्हणाला, "दादानं स्वतः हातात दिल्याखेरीज मी किल्ल्या घेणार नाही." त्या सध्या माझ्याकडेच आहेत.