किल्ल्यातला काळ

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेले नेहरू, पटेल, मौलाना आझाद वगैरे नेते नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणले गेले. सुरुवातीला ना वर्तमानपत्र, ना पत्र. किती दिवस राहायचं, तेही कुणी सांगेना. नेहरूंचा मुक्काम मार्च १९४५ पर्यंत लांबला. एप्रिल १९४४ मध्ये त्यांनी इथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहायला घेतलं. त्याच्या सुरुवातीलाच चंद्रकोर येते. दर महिन्याची कोर त्यांना आणखी एक महिना सरल्याची खूण वाटे.

मेंदूत काळ मोजणारं एकच घड्याळ नसतं. दिवसरात्रीचं भान सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका ठेवतो आणि उजेडाबरोबर रोज वेळ जुळवून घेतो. पण तास लांबला की आखडला, हे ठरतं बरंचसं लक्षावर. हाताला काम नसलं की लक्ष काळावरच खिळतं आणि दुपार सरता सरत नाही. मागे वळून पाहताना मात्र हिशेब उलटतो. तेव्हा मेंदू आठवणी चाचपतो. जितक्या वेगवेगळ्या आठवणी, तितका काळ मोठा. घटनांची जागा आणि क्रम नोंदवण्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. रोज तेच ते घडलं, तर महिने एकमेकांत मिसळून जातात. म्हणून कैद्याचा दिवस संपत नाही आणि वर्ष कुठे गेलं ते कळत नाही.

१९६२ मध्ये मिशेल सिफ्र हा फ्रेंच संशोधक घड्याळाविना दोन महिने गुहेत राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर बोलावलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्टच होता.

नगरच्या कैद्यांनी काळाशी जी झुंज घेतली, ती मला म्हणूनच मोलाची वाटते. नेहरूंनी खडकाळ, पडझडीच्या मातीत बाग केली. खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागत. पुस्तक त्यांनी पाच महिन्यांत हातावेगळं केलं. आझाद पहाटे उठून स्वतः चहा करत आणि हबीबुर्रहमान खान शेरवानी या स्नेह्यांना पत्रं लिहीत. ती टपालात पडणार नव्हती, तरी त्यांवर तारीख असे. १९४३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. त्याआधीच्या दिवसांत, वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याची पावलं वाजली की त्यांची छाती धडधडे. पण ते कुणाला कळू नये म्हणून त्यांनी दिनक्रम जराही बदलू दिला नाही. हे सगळं त्यांनी पत्रातच लिहून ठेवलं. १९४६ मध्ये ती पत्रं ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली.