खिशातली गाणी आणि घरच्या ओव्या

वैनगंगेकाठच्या आमच्या बालाघाटात मराठी गाणे पूर्वी नागपूर आकाशवाणीच्या कृपेने, म्हणजे तिच्या वेळेप्रमाणे ऐकावे लागे. आता ते काम तळहाताएवढे यंत्र करते. नखाएवढे कार्ड आत सरकविले की पुरे. इंटरनेट लागत नाही. एमपी-थ्री पद्धतीत चार मिनिटांचे गाणे साधारण 4 एमबीत मावते, म्हणजे 4 जीबीच्या कार्डावर हजारभर गाणी.

वापरणाऱ्यांची मते मात्र एकमुखी नाहीत. वृद्धांना ठळक बटणे हवीत. सारेगामा कंपनीने 2017 साली 5000 गाणी भरूनच ‘कारवां’ आणला, तो अशाच मंडळींसाठी. स्वस्त यंत्रात हवे ते गाणे चटकन सापडत नाही, बटण दाबत बसावे लागते, ही गृहिणींची तक्रार रास्त आहे. आवाजही जरा चिरका; किंमत पाहता तेवढे सोसावे.

माझा कौल तरीही रिकाम्या कार्डाला. भरून मिळालेल्या गाण्यांत निवड दुसऱ्याची असते. आपल्या आज्यांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या कोणती कंपनी भरून देणार? त्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून कार्डावर सहज उतरविता येतात. नातवंडांची शाळा हिंदीत, खेळगडी हिंदी. घरची मराठी त्यांच्या कानी पडावयाची ती अशीच. आजीचा कंठ शाबूत आहे तोवरच हे व्हावयास हवे. कार्ड मात्र न सांगता निकामी होते. म्हणून दुसरी प्रत संगणकावर ठेवावी, आणि प्रत्येक ओवीस गाणारीचे नाव, गाव व वर्ष जोडावे.