जुना कॉम्प्युटर भंगारात घालण्याआधी

हाटपिपल्यातल्या मंडळींनो, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला आणि चांगली चालणारी मशिनं लोक अडगळीत टाकू लागले. थांबा जरा! प्रोसेसर ६४ बिटचा आणि रॅम ४ जीबी असेल, तर लिनक्स मिंट टाका, फुकट आहे. तेही मशीन रखडत असेल तर दोष बहुधा फिरत्या हार्ड डिस्कचा. तिच्या जागी एसएसडी बसवली की तेच मशीन झटपट उघडतं. तारीख-वेळ सारखी चुकते? मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला, काम झालं. मुलांचा अभ्यास, दुकानाचा हिशेब याला एवढं पुष्कळ होतं. इंटरनेट बँकिंग मात्र जुन्या, अपडेट बंद झालेल्या विंडोजवर नको.

मदरबोर्डच जळला असेल तर रॅम, डिस्क, कीबोर्ड काढून ठेवा, बाकीचं रीसायकलिंगला. जुन्या डबा मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, तो फोडू नका. तांब्यासाठी वायरी जाळणं तर अगदीच वाईट, तो धूर विषारी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत रीसायकलर पाहा. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. गावात कोणी नसेल तर चार-पाच घरांचं सामान एकत्र करून देवास-इंदूरकडे न्या.

आणि देण्याआधी डिस्क पूर्ण पुसा. नुसतं डिलीट केलेले फोटो नि कागदपत्रं सहज परत मिळतात. डिस्क बिघडून पुसता येत नसेल, तर बाहेर काढून ड्रिलने भोक पाडा.