गोबरगॅसचा काला: किती घट्ट, किती पातळ?



शेण जास्त घातले की गॅसही जास्त मिळणार, असा पुष्कळांचा समज असतो. म्हणून शेण वाढवतात, पाणी मात्र तेवढेच ठेवतात. थोड्याच दिवसांत शेगडी मंद जळू लागते. असे का होते?

शनवाऱ्याच्या आसपासच्या काळ्या मातीचेच उदाहरण घ्या. तिचे कण अतिशय बारीक, चपटे व पाणी पिऊन फुगणारे असतात. बादलीभर पाण्यात ओंजळभर माती कालवली तर पाणी नुसते गढूळ होते. माती वाढवत गेलो, तर एका टप्प्यानंतर मूठभर मातीनेही काठी फिरेनाशी होते. कण थोडे असताना ते एकमेकांपासून दूर असतात. आइनस्टाइन या शास्त्रज्ञाने याचे गणित १९०६ साली मांडले व १९११ साली दुरुस्त केले. गोल कणांनी १ टक्का जागा व्यापली, तर द्रवाचा घट्टपणा अडीच टक्के वाढतो. परंतु कणांची गर्दी झाली की हा हिशेब चालत नाही. कण एकमेकांना अडवतात आणि घट्टपणा झपाट्याने वाढतो.

शेणातही असे बारीक कण व चाऱ्याचे धागे असतात. ताज्या शेणात घन भाग सुमारे २० टक्के असतो. तितकेच पाणी घातले की तो १० टक्क्यांवर येतो. हा काला नळीतून सहज उतरतो व त्यातून गॅसचे बुडबुडे वर येतात. काला घट्ट झाला तर नळी तुंबते आणि बुडबुडे आतच अडकतात.

फार पातळ करणेही बरे नाही. माती-वाळू तळाशी बसते, काडीकचरा वर तरंगून त्याचा थर जमतो. शिवाय २५ किलो शेणात २५ लिटर पाणी घातल्यास २,००० लिटरच्या खड्ड्यात काला सुमारे ४० दिवस राहतो. पाणी ५० लिटर केले, तर तो २७ दिवसांतच, नीट न कुजता बाहेर पडतो.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात:

१. शेण व पाणी एकाच बादलीने मोजावे. ताज्या शेणाच्या एका बादलीस एक बादली पाणी घ्यावे.

२. उन्हाळ्यात शेण वाळलेले असल्यास पाणी थोडे वाढवावे.

३. काडीकचरा व खडे काढून, गुठळ्या मोडूनच काला आत सोडावा.

४. नळी तुंबल्यास लांब बांबूने मोकळी करावी. खड्ड्यात कोणीही उतरू नये. आतला वायू माणसाला क्षणात बेशुद्ध करतो, आणि वाचवायला उतरणाराही दगावतो.

बाहेर पडणारी मळी आत घातलेल्या काल्यापेक्षा पातळ असते, कारण घन भागातील काही अंशाचा गॅस झालेला असतो. ती पाटाच्या पाण्याबरोबर केळीला द्यावी. चुलीचा धूर टळतो, घरातील बायामाणसांच्या डोळ्यांना व छातीला आराम मिळतो आणि शेतालाही खत मिळते. त्यासाठी रोज एक बादली नीट मोजावी, एवढेच.