एवढ्याशा पोराला काय कळतंय?

गणपतीच्या आरतीला उभे असलेले चार-पाच वर्षांचे पोर टाळ्या वाजवीत असते, पण त्याचे डोळे मोदकांच्या ताटावर खिळलेले असतात. आई हळूच दटावते, "आधी देवाला!" प्रसाद वेगळा आणि खाऊ वेगळा हे ते पोर अशा वेळी शिकते, व्याख्या पाठ करून नव्हे. कॅथलिक ख्रिस्ती घरांतही नेमका हाच प्रश्न असतो. तिथे मात्र त्याचे उत्तर मिळायला जवळजवळ सातशे वर्षे लागली!

मिस्सेच्या वेळी वेदीवर जी पातळ, गोल, पांढरी चकती ठेवतात ती केवळ गव्हाचे पीठ आणि पाणी यांची असते. खमीर नाही की मीठ नाही. धर्मगुरू तिच्यावर येशूचे अखेरच्या भोजनातले शब्द उच्चारतात, आणि त्यानंतर ती भाकर राहत नाही, प्रत्यक्ष ख्रिस्तच तिथे असतो, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. नुसती खूण नव्हे, नुसती आठवण नव्हे. याला ख्रिस्तशरीर संस्कार म्हणतात. बोलण्यात आपला 'कम्युनियन'.

आता एवढी मोठी गोष्ट लहान मुलाच्या हाती द्यावी कधी? आरंभीच्या शतकांत तान्ह्या बाळालाही बाप्तिस्म्याबरोबर ती देत असत, आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाळाला चिमुकल्या चमच्याने आजही देतात. पश्चिमेत ती चाल हळूहळू मागे पडली. १२१५ साली लॅटरन परिषदेने ठरविले की, समज आलेल्या प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या सुमारास, कम्युनियन घ्यावे. पण 'समज' म्हणजे काय? ज्याने त्याने आपापली पट्टी लावली. दहा, बारा, कुठे चौदा वर्षे! फ्रान्समध्ये तर यानसेनपंथी कडकपणाने लोकांच्या मनात असा धाक भरला की, मोठी माणसेही वेदीपासून चार पावले लांबच राहू लागली. औषध फक्त निरोग्यालाच द्यायचे, अशातली ही तऱ्हा झाली.

ही कोंडी फोडली पोप दहावे पायस यांनी. खेड्यातल्या गरीब घरात वाढलेला आणि खेड्यातच धर्मगुरू म्हणून काम केलेला हा माणूस. ८ ऑगस्ट १९१० रोजी त्यांच्या आज्ञेने 'क्वाम सिंगुलारी' हा आदेश निघाला. सुमारे सातवे वर्ष पुरे. सगळी प्रश्नोत्तरी तोंडपाठ हवी असे नाही. ही भाकर नेहमीच्या भाकरीपेक्षा वेगळी आहे एवढे ओळखता आले आणि वयाच्या मानाने भक्ती असली की झाले. मूल तयार आहे की नाही हे ठरवायचे त्याच्या आईबापांनी आणि त्याचा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने. कुरकूर झालीच. फ्रान्समध्ये बाराव्या वर्षीचा तो सोहळा म्हणजे मूल मोठे झाल्याचा घरगुती सण होता. तो लोकांना सोडवेना. शेवटी लहानपणीचे पहिले कम्युनियन निराळे आणि बाराव्या वर्षीचे 'थाटाचे' निराळे, अशी तडजोड निघाली. सणाची हौस सगळीकडे सारखीच!

पण आदेशाने दार उघडते; मुलाच्या मनात गोडी कशी उपजवावी हे आदेश सांगत नाही. ते काम केले रोममधल्या सोफिया कावालेत्ती या विदुषीने. त्या हिब्रू भाषेच्या आणि बायबलच्या अभ्यासक. मुलांना शिकविण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. १९५४ साली एका ओळखीच्या बाईंच्या आग्रहाखातर त्या सात वर्षांच्या एका मुलाला घेऊन बसल्या. दोन तासांनी उठायची वेळ झाली तर पोराच्या डोळ्यांत पाणी! त्यांनी जान्ना गोब्बी या माँटेसरी शिक्षिकेला सोबत घेतले आणि मुलांसाठी एक खास खोली सजविली. तारा मोडकांमुळे माँटेसरी पद्धत आपल्याला परकी नाही. इथे त्या पद्धतीने छोटी वेदी, छोटा प्याला, छोटी तबकडी मुलाच्या हाती दिली. द्राक्षारसात पाण्याचा थेंब टाकायचा आणि पाहायचे की तो पुन्हा वेगळा काढता येतो का. तीन-चार वर्षांची मुले हे पुन्हापुन्हा करीत बसतात. या एका थेंबाने जे कळते ते पानभर उत्तर घोकून कळेल असे मला वाटत नाही.

आपल्याकडे वसईच्या ख्रिस्ती घरांत पहिले कम्युनियन हा मोठाच सोहळा. पांढरे कपडे, हातात मेणबत्ती, पाहुण्यांची गर्दी. कौतुक जरूर करावे. पण कपड्यांची आणि जेवणाची चर्चा महिनाभर चालली की मुलालाही वाटते, मुख्य गोष्ट हीच असावी. खरी अडचण पुढच्या रविवारी येते. वडील घरी वर्तमानपत्र वाचीत बसले आणि पोराला एकट्याला मिस्सेला पिटाळले, तर ते काय समजायचे ते समजते. उलट चार मिनिटे आधी जाऊन पुढच्या बाकावर बसले, वेदी नीट दिसली, तर पोराची चुळबुळ निम्म्याने कमी होते. मागे बसवून समोरच्यांच्या पाठी पाहायला लावायचे आणि मग 'गप्प बस' म्हणायचे, हा अन्याय आहे. आठवड्यात एखादे दिवशी, गर्दी नसताना, तांबड्या दिव्यापाशी पाच मिनिटे नुसते बसून यावे. मुले शांततेला भितात असे आपणच ठरवून टाकलेले असते.

उपासाचेही तसेच. पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ साली पाण्याला मोकळीक मिळाली, १९५७ साली उपास तीन तासांवर आला आणि नोव्हेंबर १९६४ मध्ये एका तासावर. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुंबईला ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली आणि तिच्यासाठी पोप सहावे पॉल स्वतः आले. मिस्सा लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत येऊ लागली तीही त्याच सुमारास. वसईच्या मुलाला वेदीवरचे शब्द मराठीत ऐकू येऊ लागले, हे त्या एका तासाहून मोठे.

कधी कधी गाडी उलटी चालते. मिलानमध्ये वाढलेल्या कार्लो अकूतिस या मुलाने सातव्या वर्षी कम्युनियन घेतले आणि मग रोज मिस्सेला जाण्याचा ध्यास घेतला. आईचे चर्चशी नाते नावापुरतेच. मुलाचे प्रश्न सुटेनात म्हणून तिला स्वतः अभ्यासाला बसावे लागले! पंधराव्या वर्षी, २००६ मध्ये, तो रक्ताच्या कर्करोगाने गेला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याला संत घोषित करण्यात आले.

सात वर्षांखालच्या पोरांचे काय? तीही आईचा पदर धरून रांगेतून वेदीपर्यंत जातात. हात छातीवर जोडलेले. धर्मगुरू त्यांच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढतात आणि मूल रिकाम्या तोंडाने परत फिरते. बाकावर येऊन बसले की आईच्या कानाशी लागते, "मला कधी?"